ओबोवरचे वरचे स्वर पुन्हा पुन्हा दगा देतात तेव्हा दोष कसा शोधावा

ओबो हे वेताच्या दोन पातळ पात्यांच्या रीडने फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य. ते वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येतेच. खालचे सप्तक भरदार वाजते, मधले स्वर जागच्या जागी असतात, पण वरच्या ई-च्या पुढे गेले की स्वर घरघरतो, चिरकतो, खालच्या सप्तकात कोसळतो किंवा निघाला तरी सुरातून उतरलेला असतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी बहुतेक वादक नकळत ओठ आवळू लागतात. ओठ आवळल्याने स्वर तात्पुरता निघतो, आणि घात होतो तो त्यामुळेच: मूळ दोष झाकला जातो, रीड चेपून लवकर खराब होते, नाद पातळ होतो आणि काही आठवड्यांत ती सवय इतकी मुरते की दोष दूर झाल्यावरही ओठ सैल सोडणे जमत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की ओठांकडे सर्वांत शेवटी वळावे. आधी कागद-पेन्सिल घ्यावी आणि नेमके कोणते स्वर बिघडतात ते लिहून काढावे. ओबोच्या वरच्या सप्तकात दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा त्या यादीवरूनच कळते.

यादी कशी वाचायची ते समजण्यासाठी वरचे सप्तक कसे तयार होते हे थोडे पाहावे लागेल. या लेखात मधल्या सी-ला सी-४ म्हटले आहे; आकडा सप्तकाचा, शार्प म्हणजे अर्धा स्वर चढा आणि फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरता. म्हणजे वाद्यवृंद ज्या ए-वर सूर जुळवतो तो ए-४, साधारण ४४० हर्ट्झचा, आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ए-५ ८८० हर्ट्झचा. ओबोची आतली नळी शंकूसारखी खाली रुंद होत जाते, त्यामुळे जोराने फुंकल्यावर स्वर बरोबर एक सप्तक वर उडी घेतो. ही उडी सोपी आणि खात्रीची व्हावी म्हणून वाद्याच्या वरच्या भागात अगदी बारीक छिद्रे असतात. ती उघडली की नळीतल्या हवेचे मूळ कंपन विस्कटते आणि त्याच्या दुप्पट गतीचे कंपन पुढे येते. असे छिद्र प्रत्येक स्वरासाठी वेगळ्या जागी असायला हवे. परंतु इतकी छिद्रे ठेवणे शक्य नसल्याने तिघांवर काम भागवलेले आहे. सी-शार्प-५, डी-५ आणि ई-फ्लॅट-५ यांच्यासाठी डाव्या तर्जनीखालच्या पट्टीतले अर्धे छिद्र, ई-५ पासून जी-शार्प-५ पर्यंत अंगठ्याची पहिली ऑक्टेव्ह (म्हणजे सप्तक बदलणारी) कळ, आणि ए-५ पासून सी-६ पर्यंत तर्जनीच्या बाजूने दाबायची दुसरी ऑक्टेव्ह कळ. म्हणजे प्रत्येक छिद्र तीन ते पाच स्वरांसाठी तडजोड करते, आणि तडजोडीच्या टोकाला असलेले स्वर, विशेषतः जी-शार्प आणि सी, मुळातच नाजूक असतात. रीडमध्ये किंवा यंत्रणेत किंचित बिघाड झाला तर तो आधी याच स्वरांवर दिसतो.

आता यादी वाचता येते. फक्त सी-शार्प, डी आणि ई-फ्लॅट बिघडत असतील तर अर्ध्या छिद्राकडे पाहावे. ई ते जी-शार्प हे सगळे सारखेच त्रास देत असतील आणि ए-पासून वर ठीक असेल, तर पहिल्या ऑक्टेव्ह कळेच्या छिद्रात पाणी किंवा कचरा असण्याची शक्यता सर्वांत मोठी. याच्या उलट, जी-शार्पपर्यंत सगळे छान आणि ए-पासून घरघर असेल तर दुसरी ऑक्टेव्ह कळ. वरचे सगळेच स्वर कमी-अधिक बिघडले असतील तर रीड. आणि वरच्यांबरोबर अगदी खालचे सी, बी, बी-फ्लॅट हेही जड झाले असतील, तर वाद्यातून कुठेतरी हवा गळत आहे असे समजून चालावे. ही विभागणी शंभर टक्के अचूक नसते, पण सुरुवात कुठून करायची हे तिच्यावरून ठरते, आणि निम्मा वेळ वाया जातो तो सुरुवात चुकल्यामुळेच.

यादी करताना एक पथ्य पाळावे. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे, आधी दुसरा कोणताही स्वर न वाजवता, मध्यम जोराने आणि जिभेच्या हलक्या स्पर्शाने सुरू करावा. स्वरमालिकेतून चढत गेल्यास आधीच्या स्वराचा वेग पुढच्या स्वराला ओढून नेतो आणि दोष लपतो. शक्य असेल तर हेच स्वर दुसऱ्या, खात्रीच्या रीडवर वाजवून पाहावेत, आणि संधी मिळाल्यास तीच रीड दुसऱ्या ओबोवर लावून पाहावी. या दोन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात आणि दोष रीडमध्ये, वाद्यात की वादकात, याचे उत्तर त्यातून जवळजवळ मिळून जाते.

पाणी

वरच्या सप्तकातल्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळणारे आणि सर्वांत कमी गंभीर असलेले कारण म्हणजे पाणी. श्वासातली वाफ थंड नळीच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते, थेंब एकत्र येऊन ओघळ होतो, आणि तो ओघळ एखाद्या ऑक्टेव्ह छिद्राकडे वळला की छिद्राच्या तोंडावर पाण्याचा पातळ पडदा बसतो. हे छिद्र इतके बारीक असते की एक थेंबही त्याला बंद करायला पुरतो. ए-५ किंवा बी-५ सुरू करताच घशात गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, स्वर खाली-वर होतो आणि मग एकदम मोकळा होतो किंवा खालच्या ए-वर पडतो. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही.

उपाय क्रमाने करावा. संबंधित ऑक्टेव्ह कळ दाबून छिद्र उघडे ठेवावे आणि बाहेरून त्यावर तोंड जवळ नेऊन एक छोटी, जोरदार फुंकर मारावी. पाणी आत नळीत ढकलले जाते. मग गोंद नसलेला सिगारेट पेपर पॅड (छिद्र झाकणारी कळेखालची गादी) आणि छिद्र यांच्यामध्ये सरकवून कळ दोन-तीन वेळा हलकेच दाबून सोडावी. पेपर बाहेर काढल्यावर त्यावर वाटाण्यापेक्षाही लहान, गोल ओला डाग दिसतो. पेपरच्या कोरड्या जागेने हीच कृती डाग येणे थांबेपर्यंत करावी. पेपर दाबलेला असताना ओढून काढू नये, कारण त्यामुळे पॅडची कड खरवडली जाते. त्यानंतर रीड काढून रेशमी फडके नळीतून एकदा ओढून घ्यावे. फडके ओढण्यापूर्वी त्याला गाठ पडलेली नाही हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण ओबोची नळी वरच्या टोकाला इतकी अरुंद असते की अडकलेले फडके काढणे हे कारागिराचेच काम होऊन बसते.

परंतु आपला विषय वारंवार येणाऱ्या अडचणीचा आहे, आणि पाणी वारंवार त्याच छिद्रात का जाते हा खरा प्रश्न आहे. याचे कारण असे, की नळीच्या आत पाण्याने एकदा वाट धरली की पुढचे थेंब त्याच ओल्या वाटेने जातात. मधूनच एक छिद्र कोरडे केले तरी वाट ओलीच राहते. म्हणून पाणी दोनदा आले की वाजवणे थांबवून पूर्ण नळी कोरडी करावी, आणि ओबो खाली ठेवताना कळा वरच्या बाजूला येतील अशाच ठेवाव्यात, म्हणजे साचलेले पाणी छिद्रांकडे न वाहता नळीच्या तळाशी राहील. सर्वांत मोठा फरक मात्र पडतो तो वाद्य आधी गरम केल्याने. वाजवण्यापूर्वी वरचा जोड, म्हणजे ओबोच्या सुट्या होणाऱ्या भागांपैकी वरचा, काही मिनिटे हातांत किंवा बगलेत धरावा. लाकूड अंगाच्या उबेला आले की वाफ कमी जमते. थंड लाकडात एकदम गरम श्वास फुंकल्याने तडा जाण्याचा धोकाही असतो, हे नव्या वाद्याच्या मालकाने विशेष ध्यानात ठेवावे.

सगळे कोरडे करूनही तोच स्वर अडत असेल तर छिद्रात पाण्याऐवजी कचरा असू शकतो. फडक्याचे तंतू आणि वाळलेली घाण छिद्राच्या आत कडेने जमत जाते आणि व्यास हळूहळू कमी होतो. अशा वेळी सुई किंवा तार आत घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. छिद्राच्या कडेवर ओरखडा गेला तर तो स्वर कायमचा बदलतो. मऊ पिसाच्या दांडीने किंवा बारीक केसाच्या ब्रशने जेवढे निघते तेवढे काढावे आणि उरलेले कारागिरावर सोपवावे.

अर्धे छिद्र आणि अंगठ्याची वेळ

डी-५ फाटणे किंवा खालच्या डी-वर पडणे ही शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि येथे दोष बहुतेक वेळा बोटाच्या हालचालीत असतो. डाव्या तर्जनीने पट्टी सोडून वर उचलायचे नसते. बोट जागेवरच खालच्या दिशेने गडगडत नेऊन पट्टीतले बारीक छिद्र मोकळे करायचे असते. बोट उचलले तर मोठे छिद्र उघडते आणि स्वर कर्कश होतो. अपुरे गडगडले तर बारीक छिद्र अर्धवट झाकलेले राहते आणि स्वर दोन सप्तकांच्या मध्ये लोंबकळतो. आरशासमोर बसून डी-४ आणि डी-५ आलटून पालटून, अतिशय संथ गतीने वाजवावेत आणि कानाआधी डोळ्यांनी पाहावे की छिद्र प्रत्येक वेळी पूर्ण उघडते आणि पूर्ण झाकले जाते की नाही. बोट अचूक असूनही हे तीन स्वर अडत असतील तर पट्टीतले छिद्र उजेडाकडे धरून पाहावे. ते बुजलेले असेल तर बोट कितीही अचूक फिरवले तरी उपयोग नाही.

ई-फ्लॅट-५ वरून ई-५ वर जाताना एकाच क्षणी दोन गोष्टी व्हाव्या लागतात: तर्जनीने अर्धे छिद्र झाकायचे आणि अंगठ्याने पहिली ऑक्टेव्ह कळ उघडायची. अंगठा क्षणभर उशिरा आला तर मध्ये खालचा ई डोकावतो, आणि तर्जनी उशिरा आली तर वरचा ई भुसभुशीत निघतो. कोणते बोट उशिरा येते हे त्या मधल्या आवाजावरूनच ओळखावे.

जी-शार्प-५ वरून ए-५ वर जाताना प्रश्न यंत्रणेचा येतो. आजच्या बहुतेक ओबोंवर अर्धस्वयंचलित यंत्रणा असते, म्हणजे अंगठा पहिल्या कळेवर असताना बाजूची दुसरी कळ दाबली की पहिले छिद्र आपोआप बंद होते. ही सोय एका छोट्या जोडणीवर अवलंबून आहे आणि त्या जोडणीखालचा कॉर्क झिजला की पहिले छिद्र पूर्ण बंद होत नाही. मग ए-५ वाजवताना दोन्ही छिद्रे उघडी राहतात आणि दोन स्वर एकमेकांवर घासल्यासारखा, तळ नसलेला नाद येतो. तपासणी सोपी आहे. वाद्य डोळ्यांसमोर आडवे धरावे, अंगठ्याने पहिली कळ दाबून ठेवावी आणि मग दुसरी हळूहळू दाबावी. पहिल्या छिद्रावरचे पॅड खाली येऊन घट्ट बसलेले दिसले पाहिजे. मध्ये केसाएवढी फट उरली तरी दोष सापडला असे समजावे. त्याच वेळी एक खूणही मिळते: अंगठा पूर्ण सोडून फक्त दुसऱ्या कळेने ए-५ स्वच्छ वाजत असेल आणि अंगठा ठेवल्यावर बिघडत असेल, तर ही जोडणीच दोषी आहे.

रीड

वरचे सगळेच स्वर बिघडले असतील तर रीडकडे वळावे, आणि येथे घाई न करता थांबावे. ओबोची रीड म्हणजे वेताच्या दोन पातळ पात्या, साधारण ४७ मिलिमीटरच्या धातूच्या स्टेपलवर, म्हणजे बारीक नळीवर, दोऱ्याने बांधलेल्या; सनईच्या जिव्हाळीची ही दूरची बहीण म्हणता येईल. एकूण लांबी साधारणपणे ६९ ते ७३ मिलिमीटरच्या दरम्यान असते. इतक्या छोट्या वस्तूत एक मिलिमीटरचा दशांश भागही वरच्या सप्तकात ऐकू येतो.

पहिली गोष्ट, रीड वाद्यात पूर्ण बसवलेली आहे का? सूर चढा आहे म्हणून रीड थोडी बाहेर ओढण्याची सवय अनेकांना असते. रीड बाहेर ओढली की स्टेपलच्या खाली एक पोकळी तयार होते, आणि तिचा त्रास वरच्या स्वरांना खालच्या स्वरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. ओबोची शंकूसारखी नळी टोकाला छाटलेली असते, आणि त्या छाटलेल्या टोकाची जागा रीड आणि स्टेपल यांच्या आतल्या पोकळीने भरून काढायची असते. हे माप चुकले की दोन सप्तकांमधले अंतरच चुकते: ए-४ सुरात आणि ए-५ बेसूर, असे होऊ लागते. सूर खाली आणायचा असेल तर रीडच तशी करून घ्यावी. वाद्यात ती तळापर्यंत बसलेली असावी.

दुसरी गोष्ट, रीडच्या कडा. रीड दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजवल्यावर स्टेपलचे खालचे तोंड बोटाने बंद करावे आणि टोकाकडून हलकेच फुंकावे. पात्यांच्या बाजूंनी, विशेषतः दोऱ्याच्या लगतच्या भागात, हवेचे बुडबुडे किंवा फुसफुस जाणवली तर रीड गळत आहे. गळक्या रीडवर वरचे स्वर निघतात, पण त्यांच्यासाठी दुप्पट श्वास लागतो आणि सुरुवात अस्पष्ट होते. दोऱ्याच्या वरच्या टोकाला पातळ प्लास्टिकच्या पट्टीचे किंवा खास त्यासाठी मिळणाऱ्या पातळ पडद्याचे दोन वेढे घट्ट दिले की बहुतेक गळती थांबते. वेढे कंप पावणाऱ्या भागावर चढणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट, टोकाची फट. ती जास्त मोठी असेल तर वरच्या स्वरांसाठी पात्या पुरेशा वेगाने मिटत नाहीत, स्वर खालीच राहतो आणि ओठ लवकर थकतात. दोऱ्याच्या वरचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून, भिजलेल्या रीडला काही सेकंद हलका दाब दिल्यास फट कमी होते. ती फारच लहान असेल तर उलट घडते: वरचे स्वर चटकन निघतात, पण चढे आणि किरटे असतात, आणि जोर लावला की रीड मिटून आवाजच बंद होतो. तेव्हा पात्यांच्या बाजूंवर, कडांकडून हलका दाब द्यावा म्हणजे फट उघडते.

चौथी गोष्ट ऐकून ठरवायची आहे. रीड वाद्यातून काढून, ओठ दोऱ्यापर्यंत नेऊन, ओठांचा दाब जवळजवळ न देता फुंकावी. जो रेकल्यासारखा आवाज येतो त्याकडे नीट लक्ष द्यावे. अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे लांब खरवडलेल्या रीडमधून सी हा स्वर आपल्या सप्तकांसह एकत्र ऐकू यावा अशी अपेक्षा असते. त्याऐवजी बी किंवा बी-फ्लॅट ऐकू येत असेल आणि आवाज गोंधळलेला असेल, तर अशी रीड वरच्या सप्तकात सुराच्या खाली उतरणारच. युरोपीय पद्धतीच्या आखूड खरवडलेल्या रीडचा हा आवाज वेगळा असतो, त्यामुळे तिच्यावर सी-चा हट्ट धरू नये. तिथे आवाज स्थिर आहे की ढासळतो एवढेच पाहावे.

रेकणे खाली असेल तर टोक अगदी किंचित, केसाच्या जाडीएवढे, छाटून पाहता येते. त्याने रीड चढते आणि घट्ट होते. पण छाटल्यावर टोक जाड होते, त्यामुळे टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून पुन्हा धूळभर खरवडावे लागते. येथे एक चूक अगदी नेहमी होते आणि ती सुधारता येत नाही. वरचे स्वर जड वाटतात म्हणून वादक टोकाच्या मागचा जाडसर भाग, ज्याला रीडचे हृदय म्हणतात, तो खरवडत जातो. रीड त्या क्षणी हलकी वाटते, खालचे स्वर सहज येतात, आणि वरच्या सप्तकाला धरून ठेवणारा आधारच निघून जातो. हृदयातून निघालेला वेत परत बसवता येत नाही. जडपणा वाटला तर आधी टोक, मग टोकाचे कोपरे, आणि तेही प्रत्येक खरवडीनंतर जी-शार्प-५, ए-५ आणि सी-६ वाजवून पाहत करावे. हे तीन स्वर समाधानकारक झाले की चाकू खाली ठेवावा. रीड आणखी थोडी चांगली करण्याच्या नादात बिघडलेल्या रीडची संख्या फार मोठी असते.

गळती

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात गेलेले तीन महिने कुणाचेही जाऊ नयेत. माझ्या ओबोवर बी-५ आणि सी-६ हळूहळू अवघड होत गेले. श्वास कमी पडतो असे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले. मी जास्त जोराने फुंकू लागलो, मग आवळू लागलो, आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वळ दिसू लागले. रीडवर रीड बदलल्या. खालचा सी-ही जड झाला होता, पण वरच्या स्वरांच्या काळजीत मी त्याची नोंदच घेतली नव्हती. यादी केली असती तर पहिल्याच दिवशी कळले असते. शेवटी एका संध्याकाळी मी वरचा जोड वेगळा केला, सगळी छिद्रे बोटांनी झाकली, खालचे तोंड तळव्याने बंद केले आणि वरच्या तोंडातून हवा ओढून घेतली. घट्ट वाद्यात ती ओढ काही सेकंद टिकते आणि तळवा काढल्यावर टप्प असा आवाज येतो. माझ्या ओबोत ओढ एका सेकंदात निवली आणि टप्प आवाज आलाच नाही.

त्यानंतर मी सिगारेट पेपरची अरुंद पट्टी कापून एकेका पॅडखाली ठेवून, कळ नेहमीच्या दाबाने बंद करून, पट्टी हळूच ओढून पाहिली. घट्ट पॅडखालून पट्टी निघताना अडते. तिचा प्रतिकार बोटांना स्पष्ट जाणवतो. वरच्या ट्रिल कळेच्या (दोन लगतचे स्वर झपाट्याने आलटून पालटून वाजवण्यासाठीच्या कळेच्या) पॅडखालून मात्र ती पाण्यावरून सरकावी तशी निघून आली. भिंगातून पाहिल्यावर कॉर्कच्या त्या पॅडच्या कडेला नखाने टोचल्यासारखी एक बारीक खाच दिसली. ट्रिलची छिद्रे नळीच्या वरच्या भागात असतात, त्यामुळे तिथली गळती म्हणजे नको त्या जागी उघडे राहिलेले एक ऑक्टेव्ह छिद्रच. पॅड बदलल्यावर त्याच रीडवर, त्याच श्वासात बी-५ बोलला. ओठांची सवय सुटायला त्यानंतरही बराच काळ लागला.

ही ओढ तपासण्याची चाचणी महिन्यातून एकदा, दोन्ही जोडांवर वेगवेगळी करावी. खालच्या जोडावर बोटे पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्याची मदत घ्यावी. गळती सापडली तर पॅडखाली पाहण्याआधी जोडणीचे स्क्रू पाहावेत, कारण ओबोवर एक कळ दुसरीला बंद करते अशा जोडण्या पुष्कळ आहेत आणि स्क्रू अर्धा फेरा सरकला तरी एखादे पॅड अधांतरी राहते. स्क्रू स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी एकच, पाव फेऱ्यापेक्षा कमी, आणि आधीच्या जागेची खूण करून. फरक पडला नाही तर तो जागेवर आणून मगच दुसऱ्याला हात लावावा. तीन स्क्रू एकदम फिरवलेला ओबो पुन्हा जुळवणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. आणि लाकडावर तडा दिसला, विशेषतः वरच्या जोडावर, तर वाजवणे लगेच थांबवावे. तडा छिद्रापर्यंत पोहोचला असेल तर गळती तिथूनच होत असते.

श्वास, ओठ आणि सी-च्या वरचे स्वर

वाद्य घट्ट आहे, छिद्रे कोरडी आहेत, रीड विश्वासाची आहे आणि तरीही वरचे स्वर अडतात, असे ठरल्यावरच श्वास आणि ओठांकडे यावे. ओबोच्या रीडची फट इतकी लहान असते की फुप्फुसातली हवा संपण्याआधीच ती शिळी होते, आणि वादक शिळ्या हवेवर आणखी हवा घेत राहतो. छाती भरलेली आणि दाब मात्र नाही, अशा अवस्थेत वरचे स्वर हमखास पडतात. म्हणून कठीण ओळीपूर्वी आधी श्वास सोडावा आणि मग घ्यावा. पोटाच्या स्नायूंचा आधार वरच्या स्वरांसाठी वाढवावा. ओठ गोल ठेवून रीड किंचित आत घ्यावी, जबडा मात्र वर चढू देऊ नये.

यासाठी एका सरावाची मी मनापासून शिफारस करतो. ई-५ नेहमीप्रमाणे वाजवावा, तो स्थिर झाला की अंगठा ऑक्टेव्ह कळेवरून हळूच उचलावा आणि स्वर वरच टिकवून ठेवावा. मग एफ-५, जी-५ असेच. स्वर खाली पडला तर ओठ न आवळता श्वासाचा वेग वाढवून पुन्हा प्रयत्न करावा. सुरुवातीला एखादा सेकंदच जमेल. जमू लागल्यावर मात्र लक्षात येते की ऑक्टेव्ह कळ फक्त दार उघडून देते आणि चढायचे काम श्वासाचे असते. मोझार्टने १७८१ मध्ये म्युनिकमध्ये फ्रीडरिश राम या वादकासाठी लिहिलेल्या ओबो चतुष्टकात एफ-६ पर्यंत स्वर जातो, आणि त्या काळच्या ओबोला दोन-तीनच कळा असत, ऑक्टेव्ह कळ तर नव्हतीच. तेव्हाचा वादक हा सारा पल्ला श्वास, ओठ आणि बोटांच्या रचनेवर गाठत होता.

सी-६ च्या वर, सी-शार्प-६ ते एफ-६ या पट्ट्यात नियम बदलतात. येथे डाव्या तर्जनीखालची पट्टी पुन्हा कामाला येते, काही वाद्यांवर तिसरी ऑक्टेव्ह कळही असते, आणि एकाच स्वरासाठी बोटांच्या दोन-तीन वेगवेगळ्या रचना चालतात. वाद्यागणिक एखादी रचना जास्त स्वच्छ बोलते, म्हणून तक्त्यातली पहिली रचना अपयशी ठरली तर लगेच दोष शोधत न बसता उरलेल्या रचना आधी वाजवून पाहाव्यात आणि जी चालते ती आपल्या वहीत लिहून ठेवावी. वरच्या जोडातली गळती या पट्ट्यात सर्वांत आधी प्रकट होते. डी-६ बोलतो पण ई-६ मुळीच बोलत नाही असे झाल्यास ओढ तपासण्याची चाचणी पुन्हा करावी, आणि ती समाधानकारक असेल तर थोड्या लहान फटीची, हृदय शाबूत असलेली रीड लावून पाहावी.

हे सगळे करूनही अडचण राहिली आणि वाद्य कारागिराकडे न्यावे लागले, तर केवळ वरचे स्वर निघत नाहीत एवढे सांगून वाद्य सोपवू नये. कोणते स्वर, गार वाद्यावर की वाजवून अर्धा तास झाल्यावर, अंगठा ठेवून की काढून, कोणत्या रीडवर, ओढ किती सेकंद टिकते, ही नोंद कागदावर द्यावी आणि ज्या रीडवर त्रास होतो ती रीडही सोबत द्यावी. वाद्य परत घेताना त्याच रीडवर, तिथेच बसून, यादीतला प्रत्येक स्वर एकेकटा वाजवून पाहावा.